रोलचा पहिला फोटो

मारुतरावानं पाकीट पुढं सरकवलं तेव्हाच त्याचं तोंड पडलेलं होतं. दौंडात त्याचा फोटो स्टुडिओ आहे आणि गेली सहा वर्षं माझे सगळे रोल तोच धुतो. मी निगेटिव्हचे तुकडे उजेडात धरले आणि माझं डोकंच फिरलं. धूमकेतूचं डोकं एका तुकड्यावर, शेपूट दुसऱ्यावर. गाढवानं प्रत्येक फोटो मधोमध कापला होता.

आठ संध्याकाळी घालवल्या होत्या मी गच्चीवर. रेल्वेतून फिटर म्हणून रिटायर झालो आणि दुर्बीण स्वतः बनवली, आरसासुद्धा हातानं घासला. तिच्या पाठीवर कॅमेरा बांधायचा, दुर्बिणीतून एक तारा धरायचा आणि तो जागचा हलू नये म्हणून पाच-पाच मिनिटं स्क्रू फिरवत राहायचं. मान मोडते, पण काय मजा येते म्हणून सांगू. लाईट गेली की गाव बोंबलतं, माझी दिवाळी होते. मनाला येईल तिकडं दुर्बीण वळवावी, सापडेल ते टिपावं. कुणी विचारणारं नाही.

पण या धूमकेतूची गोष्ट वेगळी होती. तो येणार हे पेपरात वाचून माझ्या बायकोनं, पुतळाबाईनं, कॅलेंडरशेजारी भिंतीत खिळा मारून ठेवला होता. त्याचा फोटो इथं लावायचा, म्हणाली. दिवाळीनंतर ती गेली. धूमकेतू दिसायला लागला मार्चमध्ये, आणि आता सत्त्याण्णवचा एप्रिल संपत आला होता. आठवड्याभरात तो दिसेनासा होणार, पुन्हा येणार अडीच हजार वर्षांनी.

मी मारुतरावाला नाही नाही ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आप्पा, नुसतं काळं आभाळ, निगेटिव्हवर रोल सगळा कोरा दिसतोय. कुठला फोटो कुठं संपला, कसं कळावं? दरवेळी पहिला फोटो काकींचा असायचा. तिथनं माप धरून कापायचो."

खरं होतं त्याचं. नवा रोल घातला की पुतळा गच्चीतल्या खाटेवर पदर सावरून बसायची. आधी माझा काढा, चांदण्या कुठं पळून जात न्हाईत, म्हणायची. एक फोटो फुकट जातो म्हणून मी दरवेळी कटकट करायचो. मग ती तिथंच आडवी व्हायची, आणि मान अवघडली की मी जरा तिच्याशेजारी टेकायचो.

उजेडात कुणाचाबी एक फोटो काढा, बास, असं मारुतरावानं सांगितलं.

कुणाचाबी! घरात होतं कोण? शेजारच्या भामाबाईंना हाक मारावी असं एकदा वाटलं, पण त्या खाटेवर दुसरं कुणी बसलेलं मला सोसलं नसतं. शेवटी दिवस मावळायच्या आत कॅमेरा कठड्यावर ठेवला, टायमर लावला आणि पळत जाऊन स्वतःच बसलो. मग अंधार पडला. धूमकेतू फिका झाला होता, पार खाली टेकला होता. तरी चार फोटो मिळाले.

या वेळी मारुतरावानं बरोबर कापलं. धूमकेतू शेपटीसकट आला. त्याला खिळ्यावर लावलं आणि बराच वेळ बघत बसलो. एकट्यानंच.

दुसऱ्या दिवशी भामाबाई तो बघायला आल्या. पाकिटातला पहिला फोटोही त्यांनी काढला. त्यात मी खाटेच्या अगदी कडेला, अंग चोरून बसलेलो. बाकी सगळी खाट मोकळी.

"एवढी खाट पडलीया, आन् असं कडंला का बसलाय?"

मी तोवर ते बघितलंच नव्हतं.

"सवय हाय," मी म्हणालो.