भट्टीत आटणारी लेना

डाव्या भुवईचा शेवटचा केस जरा लांबला. हेडविगनं काडीला कापूस गुंडाळून तो पुसला, ब्रश लवंगेच्या तेलात बुडवला आणि तळहातावरच्या त्या चिनी मातीच्या बाहुलीच्या डोक्याकडे नाइलाजानं पाहिलं — नाकाचा शेंडा बसका, ओठांची कड पुसट... साचा झिजला होता. वडील गेल्या हिवाळ्यात गेले, आता त्यांच्यामागोमाग साचाही चालला. प्लास्टरच ते, टिकून टिकून किती टिकणार!

चेहरा धाकट्या बहिणीचा, लेनाचा. घटसर्पानं गेली तेव्हा चार वर्षांची होती. त्याआधीच वडिलांनी तिला मातीत घडवलं होतं. आणि मग ती बाहुली होऊन सोनेबर्गच्या खेळण्यांच्या व्यापाऱ्यांकडून बोटीनं अमेरिकेला गेली, कुणाकुणाच्या पोरींच्या कुशीत निजली. घरी राहिलं पहिल्या भट्टीतलं एक डोकं. जाताना वडिलांनी ते हेडविगच्या ओंजळीत ठेवलं होतं.

"ताई, दे ना ते कपाटातलं डोकं," एमिल दारातूनच म्हणाला. "त्याच्यावरनं नवा साचा काढतो. त्याला ओरखडासुद्धा येणार नाही."

"त्याला नाही रे येणार. पण भट्टीत माती आटते. नव्या साच्यातली लेना हिच्याहून लहान निघेल. उद्या तिच्यावरनं काढशील, ती आणखी लहान."

"मग? गिऱ्हाईक काय फूटपट्टी घेऊन बसलंय? तू कपाट लावून बसलीस तर बाबांचा चेहराच बंद पडेल, कळतंय का? आणि मी तर तिला बघितलंच नाही. माझी लेना म्हणजे हीच."

लेना गेल्यावर जन्मलेला तो. सहज बोलून गेला. पण हेडविगला ते लागलं, कारण तिची तरी लेना वेगळी कुठे उरली होती? डोळे मिटले की गुलाबी गाल, किंचित उघडे ओठ, वरचे दोन दात... इतकी वर्षं हेच गाल रंगवता रंगवता खरे गाल मीच पुसून टाकले, की बाबा, तुम्ही? माझी बहीण साऱ्या जगाला वाटलीत आणि मला ठेवलंत हे — हे हसू! पण लेना तेव्हा हसत कुठे होती? उंच स्टुलावर बसवलेली, नाक वाहतंय, भोकाड पसरलंय, "उतरायचंय मला, उतरायचंय!" तोंड लाल, वेडंवाकडं, अगदी कुरूप — आणि बाबा ओल्या मातीत शांतपणे हसू कोरताहेत, "झालंच हं, राणी."

कुरूप दिसायची ती, रडताना. किती वर्षांनी दिसली!

हेडविगनं कपाट उघडून ते हसरं डोकं एमिलच्या हातात दिलं.

"घेऊन जा."

"अगं, मग रडतेस कशाला? संध्याकाळी परत आणून देतो की."

तिनं डोळे मिटले. लेना स्टुलावर अजून रडतच होती, हात पुढे करून, आणि तिला खाली उतरवून घ्यायला आता कुणालाच जाता येणार नव्हतं.