तिरका उजेड

मी एक जुना भिंगाचा दिवा आहे. माझी काच कडेला खरवडली आहे आणि बटण दोनदा दाबल्याशिवाय मी पेटत नाही. मित्रांनो, आमच्या प्रयोगशाळेत क्रीममध्ये घालायची नवी रसायनं आधी मोठ्या माणसांच्या पाठीवर, छोट्या पट्टीखाली लावून पाहतात. पट्टी निघाली, की मी उजेड पाडतो आणि तपासनीस बाई माझ्या भिंगातून त्वचा बघतात. "याच्यापुढे काही लपत नाही," असं त्या म्हणायच्या, तेव्हा मला धन्य वाटायचं. धास्तीही वाटायची, कारण मला फक्त दाखवता येतं, सांगता येत नाही.

पुढे छताला पांढरेशुभ्र दिवे आले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

त्याच सुमारास बाळांचं क्रीम जास्त टिकावं म्हणून कारखान्यात एक नवं रसायन तयार झालं. पट्ट्या काढल्या, तर सगळ्या पाठी स्वच्छ. कारखान्याचे साहेब खूश झाले. "झालं तर मग! नातवासाठी पहिली डबी मी घरी पाठवलीसुद्धा."

बाई मात्र म्हणाल्या, "साहेब, काही रसायनं उशिरा रंग दाखवतात. परवा पुन्हा बघू. तोवर डबी उघडू नका म्हणावं घरी."

"तुम्ही म्हणजे ताकही फुंकून पिणार!" साहेब हसले. घरी काही त्यांनी कळवलं नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा पाठी पाहिल्या. झगझगीत उजेडात सगळं गुळगुळीत दिसत होतं. वर कपाटावर माझा जीव टांगणीला लागला होता. इतक्यात पट्टी लावून घेतलेल्या सफाईच्या मावशी कुरकुरल्या, "बाई, इथं चावल्यासारखं होतंय हो." बाईंनी तिथे बोट फिरवलं, तर बोटाला खरखर लागली.

"वरचे दिवे बंद करा. तो जुना काढा खाली."

बटण दोनदा दाबलं गेलं. खरं सांगतो, मला पेटायचंच नव्हतं. मी बाजूने उजेड टाकला आणि बारीक बारीक पुरळ उठून दिसलं. प्रत्येक फोडाला स्वतःची सावली होती.

साहेबांना घरी पाठवलेली डबी आठवली. त्यांनी लेकीला फोन लावला. घंटी वाजतच राहिली. "उचल गं बाळा, उचल!"

"हॅलो बाबा, हात ओले आहेत हो. बाळाची अंघोळ झाली, आता तुमचीच डबी उघडतेय."

"उघडू नकोस!" साहेब असे ओरडले, की माझी काच थरथरली.

बाळाची डबी बंदच राहिली आणि मावशींची पाठ हळूहळू बरी झाली. आता त्या मला रोज पुसतात. तरी पट्टी निघाली, की मी अजून घाबरतो. मित्रांनो, तुम्हीही थोडं घाबरत जा. अंगाला काही लावण्याआधी विचारा, हे कुणी दोनदा पाहिलंय का?