कान्हूचा चौक

"डाक्टरचं काम झालं ना? मग गाडी धरायची सोडून ह्या चौकात काय ठेवलंय गो?"

इंदुबाई फुटपाथच्या कडेला गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. वैशालीने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

"आलोच, आये. बाबांचा पुतळा बघू नि निघू."

पुतळा काही वैशालीच्या बाबांचा नव्हता. स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या एका पुढाऱ्याचा होता. मुंबईच्या फोर्टातल्या त्या जुन्या चौकात, दगडी इमारतींच्या मधोमध, कबुतरं अंगाखांद्यावर घेऊन तो उभा होता. पण तो घडवताना तिच्या बाबांचा, कान्हूचा हात लागला होता, म्हणून पेणच्या त्यांच्या आळीत सगळे त्याला कान्हूचा पुतळा आणि त्या चौकाला कान्हूचा चौक म्हणत. फक्त इंदुबाई म्हणत नसे.

कान्हू पेणला गणपतीच्या कारखान्यात मातीकाम करायचा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मुंबईचे एक मोठे शिल्पकार कारखाना बघायला आले. त्यांना कान्हूचा हात आवडला आणि ते त्याला आपल्याबरोबर घेऊन गेले. पुतळा पुरा होईपर्यंत तिथेच राहायचं ठरलं. तेव्हा इंदुबाई बाळंतपणाला माहेरी होती, धरमतरच्या खाडीकाठी. मांडीवर मोरू होता, त्यांचं पहिलं पोर.

भर पावसात मोरूला ताप भरला. इंदुबाईच्या बापाने त्याला छातीशी धरून बांधाबांधाने पेण गाठलं, पण उशीर झाला होता. कान्हूला निरोप पोचला तोवर सगळं आटोपलेलं. तो आला, ओटीवर भिंतीला टेकून बसून राहिला. आणि पाचव्या दिवशी सकाळी त्याने पिशवी उचलली.

"सरांचं काम अर्धं हाय," एवढंच म्हणाला.

ते पाचव्या दिवसाचं जाणं इंदुबाईने पदराला गाठ मारून ठेवलं. पुढे संसार झाला. वैशाली झाली, शिकली, रोह्याजवळच्या वरसे गावी नांदायला गेली. कान्हूने कधी दारूला शिवलं नाही, बायकोवर हात उचलला नाही. तरी ती गाठ सुटली नाही. दरवर्षी गणपती गेले, कारखाना रिकामा झाला, की तो हळूच विषय काढायचा.

"चल गो, येक दिस मुंबईला जाऊ. चौक दाखवतो तुला."

"माझं काय ठेवलंय तिथं? तुमीच जावा. तुमाला माणसापरीस माती जवळची."

तो नखांत अडकलेली माती काडीने टोकरत बसायचा. अशी पुष्कळ वर्षं गेली. मग त्याने विचारायचं सोडून दिलं, आणि इंदुबाईला वाटलं, बरं झालं, एक कटकट गेली. गेल्या माघात कारखान्यातच, हातात अर्धवट मळलेला गोळा असताना, कान्हू बसल्या जागी गेला.

सिग्नल पडला. वैशालीने आईचा दंड धरून तिला रस्ता ओलांडून दिला. चौथऱ्याभोवती लोखंडी साखळी होती. इंदुबाईने मान वर करून पुढाऱ्याकडे पाहिलं.

"बघितला. चल आता."

"वर नको बघूस. हितं बघ, खाली."

चौथऱ्याच्या अंगाला ब्राँझचा मोठा पत्रा होता. त्यावर माणसं उठावात घडवली होती. मिठाचा सत्याग्रह असावा. पुढे झेंडेवाले पुरुष, आणि मागे डोक्यावर मिठाच्या पाट्या घेतलेल्या, काष्टा मारलेल्या बायकांची रांग. सगळ्यांचा उजवा हात पाटीला. एकीचा मात्र डावा. ती मान वळवून, तोंड अर्धं उघडून, मागे कुणाला तरी झापत होती.

इंदुबाईने नकळत आपला डावा हात पदराखाली घेतला.

मिठागरावर ती पाट्या वाहायची, तिथे कान्हू पहिल्यांदा दिसला तेव्हा वाटेच्या मध्येच उभा होता. कुणा पाहुण्याबरोबर आलेला, बांध अडवून बायकांची ये-जा बघत राहिलेला. डोक्यावर ओझं घेऊन त्याला ओलांडून जाताना ती वळून ओरडली होती, "आंधळा हायस काय रे? वाट सोड की!" पुढच्याच महिन्यात त्याच्या घरून मागणी आली होती.

"ही तू हायस, आये," वैशाली म्हणाली. "बाबांनी मला दाखवलंवतं, शाळेत असताना."

"नि मला बोलली नायस?"

"ते बोलले, आयेला मीच दाखवणार. तू सांगू नको." वैशाली जराशी हसली. "हे पोरगं बघून मी विचारलं, ही मी काय? तर म्हणाले, नाय गो, तू तेवा नव्हतीस."

तेव्हा कुठे इंदुबाईला पोर दिसलं. त्या बाईच्या लुगड्याला धरून ते चाललं होतं. उघडं, कमरेला करगोटा, एक पाय उचललेला. दीड-दोन वर्षांचं असेल. मोरू पालथासुद्धा पडायला लागला नव्हता. इथे तो आईच्या मागे मागे मिठागरावर निघाला होता.

कान्हू पाचव्या दिवशी उठून ह्याच्याकडे आला होता.

बसगाड्या वळत होत्या, कुणी फोनवर बोलत शेजारून गेलं. इंदुबाई म्हणाली, "येकदा यायला काय झालं असतं गो मला? वरसावरसाला इचारायचा माणूस. येकदा."

वैशालीला मोरूबद्दल एवढंच ठाऊक होतं की आपल्याआधी एक भाऊ होता, आणि घरात त्याचं नाव काढायचं नसतं. तिने पत्र्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

इंदुबाईने साखळीवरून वाकायला सुरुवात केली तसा पहारेकरी आला. "ओ मावशी, आत जायला मनाई आहे."

"दादा, हे माझ्या वडिलांनी केलंय," वैशाली म्हणाली.

त्याने कोपऱ्यातल्या दगडावरची अक्षरं वाचली. तिथे शिल्पकाराचं नाव होतं. "हे तुमचे वडील?"

"नाय," इंदुबाई म्हणाली. "त्याचं नाव नाय कुठं. माझा घरवाला तो. मातीतलं काम त्याचं."

पहारेकऱ्याने तिच्या वाकलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. मग साखळीची कडी काढली आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. "जरा लवकर करा, मावशी."

इंदुबाई आत गेली. बाईच्या तोंडावर, पाटीवर धूळ होती, तिकडे तिचं लक्ष गेलं नाही. तिने पदराच्या टोकाने पोराचं तोंड पुसलं, कान पुसले. डोकं पुसताना बोट अडलं. बाकी सगळीकडे धातू गुळगुळीत होता, पण टाळूवर एक खळगा होता. ओल्या मातीत अंगठा दाबावा आणि तो तसाच ओतकामात उतरावा, तसा. तान्ह्या पोराची टाळू तेलाने भरताना अंगठा टेकवतात, नेमका तिथे.

तिने आपला अंगठा त्यात ठेवला. खळगा तिच्या अंगठ्याहून रुंद होता. उन्हाने धातू चांगलाच तापला होता, पण तिने हात काढला नाही.