पाच वाजेपर्यंत धरून ठेवलेली पिन

मित्रांनो, मी एक जुना डॉक आहे. पूर्ण नाव सांगायचं तर डॉकिंग स्टेशन, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. घरात मला 'तो डबा' म्हणतात. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, राखाडी रंगाचा, आणि अंगाला सात तोंडं. पुढच्या तोंडात फोनची छोटी वायर लागते, बाकीच्यांत टीव्ही, कीबोर्ड, माऊस आणि चार्जर. दोन तोंडं रिकामीच असतात. एवढं जोडलं की हातातल्या फोनचा कॉम्प्युटर होतो. टीव्हीवर मोठ्या अक्षरांत कागद उघडतात, माणूस खुर्ची ओढून टायपिंगला बसतो. लोक टीव्हीकडे पाहतात आणि फोनचं कौतुक करतात. मधे मी बसलोय, हे कोणाच्या गावीही नसतं. मला याचा राग येतो, खोटं कशाला बोलू?

कारखान्यात एका मुलीने माझ्या प्रत्येक तोंडात पिन घालून पाहिली आणि पोटावर 'पास'चा स्टिकर चिकटवला. ती माझी पहिली शाबासकी. पुढे ठाण्यातल्या एका ऑफिसने मला विकत घेतलं. तिथल्या साहेबांनी दोन वर्षं मला कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलं. ऑफिस बंद पडलं तेव्हा जुन्या सामानाच्या खोक्यातून मी डोंबिवलीला हर्षितच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडलो.

तिथेच मला फियोना भेटली. ती तेव्हा कॉलेजात होती. तिचा लॅपटॉप मेला होता आणि ती काऊंटरवर रडकुंडीला आली होती. हर्षितने तिचा फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "लॅपटॉप सोड ना. तुझा फोन डेस्कटॉपसारखा चालतो. हा पीस घेऊन जा, घरी टीव्ही आहे ना?" फियोनाला खरं वाटेना. त्याने मला दुकानातल्या टीव्हीला जोडून दाखवलं, आणि ती एवढ्या जोरात हसली की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण कामाचे आहोत.

फियोनाचं घर ठाण्यात माजिवड्याजवळच्या एका जुन्या गावठाणात. चारी बाजूंनी उंच इमारती आणि मधे पन्नाससाठ कौलारू आणि सिमेंटची घरं, सगळी ख्रिस्ती शेतकऱ्यांची. शेती केव्हाच गेली, विहीर तेवढी राहिली. फियोनाचे वडील थॉमस हे त्या विहिरीचं बघतात. दर उन्हाळ्यात गाळ तेच काढवून घेतात, रहाटाला तेल तेच घालतात. गावात कोणाचंही लग्न असलं की आदल्या दिवशी बायका वाजतगाजत येऊन तिथून पाणी नेतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. ते पाणी नळाचं चालत नाही.

चार वर्षं मी तिथे मान वर न करता काम केलं. फियोनाचे प्रोजेक्ट, गावातल्या मुलांचे नोकरीचे अर्ज, लग्नाच्या पत्रिका, सगळं माझ्यातून गेलं. फक्त एका गोष्टीचा मला त्रास होता, आणि ती म्हणजे फियोनाची आई सुझाना. फोन वाजला की ती कुठूनही धावत यायची आणि फोन उचलायची. वायरीसकट! फटकन पिन माझ्या तोंडातून निघायची आणि टीव्ही काळा व्हायचा. फियोना ओरडायची, "मम्मी, अगं मी काम करतेय ना!" सुझाना म्हणायची, "वाजत ठेवायचा काय? कोण गेलं असंल तर?" तिचंही चुकत नव्हतं. या गावठाणात कोणी वारलं की बातमी फोनवरून घराघरांत फिरते. कोणी शवपेटीचं बघतं, कोणी खड्डा खणणाऱ्यांना कळवतं, कोणी त्या घरी चहा पोचवतं. म्हणून इथे वाजणारा फोन वाजत ठेवत नाहीत. पण मित्रांनो, मरणाची बातमी वर्षातून चारदा यायची आणि हिसके मला दिवसातून चारदा बसायचे. हळूहळू माझं पुढचं तोंड सैल झालं. पिन डुगडुगायला लागली. फियोनाने तिच्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा घालून वेळ मारून नेली. हर्षितकडे न्यायचं रोज ठरायचं आणि रोज राहून जायचं.

मग तिला नोकरी लागली, ऑफिसचा लॅपटॉप मिळाला, आणि माझी रवानगी कपाटात झाली. पावणेदोन वर्षं मी जुन्या मेणबत्त्या आणि संपलेल्या सेलांबरोबर काढली. मी खूप कुढलो. काम असताना डबा, काम नसताना अडगळ.

एका शुक्रवारी सकाळी कपाट उघडलं. फियोनाने मेणबत्त्या बाजूला सारून मला बाहेर ओढलं.

नव्या रस्त्याचा आराखडा निघाला होता आणि रस्त्याची रेघ थेट विहिरीवरून गेली होती. हरकत घ्यायची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता संपत होती. हरकत ऑनलाईनच भरायची, आणि सोबत सह्या करणाऱ्यांची टाईप केलेली यादी जोडायची. थॉमसनी आठवडाभर दारोदार फिरून दोनशे चौदा सह्या गोळा केल्या होत्या, शेवटचे कागद त्या सकाळी हातात पडले होते. ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरची कुठलीच साईट उघडत नव्हती. फोनच्या इवल्याशा पडद्यावर तासाला वीस नावंही होईनात. म्हणून मी.

फियोनाने मला जोडलं, पुठ्ठा लावला, आणि अडीच वाजेपर्यंत सगळी नावं टाईप केली. अर्ज लिहून तयार होता. यादी स्वच्छ दिसावी म्हणून तिने ऑफिसात रोज करायची तेच केलं. एक बटण दाबून दोनदोनदा आलेली नावं उडवली. फाईल आपोआप सेव्ह झाली.

तेवढ्यात फोन वाजला.

सुझाना स्वयंपाकघरातून आली आणि सवयीने तिने तो उचलला. हिसका एवढा जबर होता की मी टेबलावरून खाली लोंबलो. टीव्ही काळा झाला. फोनवर थॉमस मिनेझिस होते. फियोनाचे वडील नव्हेत, चिंचेखालच्या घरातले थॉमस मिनेझिस. ते विचारत होते, "माझा नाव आयला का गो यादीत?"

सुझाना म्हणाली, "आयलाच असंल. बघून सांगते."

पण बघायचं कसं? फियोनाने पिन माझ्या तोंडात घातली. टीव्ही काळाच. पुन्हा घातली, पुठ्ठा दुमडून घातली, फुंकर मारली. काही नाही. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने ती पिन धरायचा प्रयत्न करत होतो, पण माझ्या तोंडातला पत्रा वाकला होता. शेवटी फियोनाचे वडील थॉमस खाली वाकले, त्यांनी अंगठ्याने पिन वर दाबून डावीकडे कलती केली, आणि टीव्ही उजळला. बोट जरा ढिलं पडलं की काळा. पुन्हा दाबलं की उजळला.

"असाच धरतो," ते म्हणाले. "तू बघ."

फियोनाने यादी उघडली. थॉमसनी मान वळवून वाचलं आणि त्यांचा आवाज बदलला. "बाय, थॉमस मिनेझिस एकच दिसतोय. हा मी की चिंचेखालचा? आणि भट्टीवाला कुठे गेला?"

गावात थॉमस मिनेझिस पाच होते. पाचही खरे, पाचही जिवंत. तसेच चार फ्रान्सिस मिनेझिस होते आणि सहा मेरी. गावात आडनावं चारच आणि नावं आज्यापणज्यांचीच, त्यामुळे माणसं ओळखली जायची घरावरून. विहिरीवरचा, चिंचेखालचा, भट्टीवाला. ही घरांची नावं सरकारी कागदात बरी दिसणार नाहीत म्हणून फियोनाने ती गाळली होती. मग यंत्राच्या लेखी पाच थॉमस म्हणजे एकच माणूस पाचदा लिहिलेला. दोनशे चौदामधून एकशे सत्तेचाळीस उरले होते. केलेलं मागे घ्यायचं बटण तिने दाबून पाहिलं, पण फाईल मधेच बंद होऊन पुन्हा उघडलेली. बटण फिकं पडलं होतं.

"सदुसष्ट माणसं उडवली मी," फियोना म्हणाली. "पप्पा, मीच उडवली."

"रडायचं नंतर," थॉमस म्हणाले. "आता लिव."

घड्याळात तीन वीस झाले होते.

फियोना एकेक कागद पुढे घेऊन गळलेलं नाव शोधायची, त्यापुढे घराचं नाव लिहायची. ज्या सहीपुढे घर लिहिलेलं नव्हतं तिथे थॉमस तोंडी सांगायचे. "ही मेरी मिठागरवाल्यांची. ती दुसरी, कौलं बदललीत ना, त्या घरातली." बोलताना अंगठा जराही हलवायचा नाही. फोनला चार्जिंगही त्याच पिनेतून मिळत होतं, आणि तेही अंगठा नेमका बसला तरच. टीव्हीच्या कोपऱ्यात मला आकडा दिसत होता. सव्वीस टक्के. एकवीस. सतरा. फोन तापत चालला होता, मी तापत होतो, आणि त्या तापलेल्या पत्र्यावर थॉमसचं बोट होतं. त्यांनी हूं की चूं केलं नाही.

चार वाजता फोन पुन्हा वाजला. सुझानाचा हात पुढे आला. फियोना किंचाळली, "मम्मी, नको!"

हात हवेतच थांबला. फोन वाजत राहिला. मित्रांनो, त्या घरात फोन शेवटपर्यंत वाजून बंद झालेला मी पहिल्यांदाच ऐकला. सुझानाने क्रॉसची खूण केली, चपला घातल्या आणि ती बाहेर पडली. प्रत्येक दारात जाऊन ती सांगत होती, "पाच वाजेपर्यंत आमच्याकडे फोन करू नका. कोणी गेलंच तर पोराला पाठवा, फोन नको." आणि जाताजाता शंका असलेल्या सहीचं घर विचारून, परत येऊन खिडकीतून ओरडून सांगत होती.

चार चाळीसला थॉमसचा हात कापायला लागला. टीव्ही लुकलुकला. फियोना म्हणाली, "पप्पा, मी धरते थोडा वेळ."

"मग लिवणार कोण?" त्यांनी दुसरा हात पहिल्याच्या मनगटाखाली टेकू म्हणून लावला. घामाचा थेंब माझ्या पोटावरच्या स्टिकरवर पडला. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. माझं काम माझ्याच्याने होत नव्हतं, आणि एक सदुसष्ट वर्षांचा माणूस माझ्या तोंडाशी गुडघे टेकून बसला होता.

चार एकावन्नला शेवटची मेरी लिहून झाली. दोनशे चौदा. साईटवर फाईल चढायला लागली. निळी पट्टी अर्ध्यावर आली आणि थांबली. बॅटरी सहा टक्के. पट्टी पुढे सरकली. चार सत्तावन्नला टीव्हीवर पोच आली, हरकत दाखल झाल्याचा क्रमांक.

फियोनाने तो तीनदा वाचला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "झालं. पप्पा, सोडा आता."

थॉमसनी सोडलं नाही. त्यांना सोडताच येत नव्हतं. बोट आखडून गेलं होतं. सुझानाने जवळ बसून ते हळूहळू माझ्यापासून वेगळं केलं. अंगठ्यावर पिनेच्या आकाराचा खोल, लाल चौकोन उमटला होता.

सुनावणी अजून व्हायची आहे. विहिरीचं काय होईल ते मला माहीत नाही, आणि त्या घरात रोज कोणीतरी सुनावणीच्या तारखेचं पत्र आणणाऱ्या टपालवाल्याची वाट पाहतं. पण सुनावणीला दोनशे चौदा माणसं पुरावे घेऊन जाणार आहेत आणि नकाशे दाखवायला मीही जाणार आहे. म्हणून रविवारी थॉमस मला घेऊन डोंबिवलीला गेले. हर्षितने भिंगातून माझं तोंड पाहिलं, वाकलेला भाग काढला, नवा बसवला, पिन घालून हलवून पाहिली. ती हलली नाही. दहा मिनिटं लागली.

थॉमस काऊंटरवर हात ठेवून उभे होते. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. त्यांनी विचारलं, "एवढंच होतं?"

"एवढंच, अंकल," हर्षित म्हणाला. "आधी आणला असता तरी एवढंच होतं."

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला दुखत नाही असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण आमच्या दुखण्याकडे तुम्ही काणाडोळा केलात तर ते आमच्यापाशी थांबत नाही. ते तुमच्यातल्याच कोणाच्या तरी बोटावर जाऊन बसतं, आणि बहुतेक वेळा ज्याने हिसका दिला त्याच्या नाही. म्हणून वायर ओढू नका. आधी पिन धरा, मग ती सरळ काढा. आणि काही डुगडुगायला लागलं, तर त्याच आठवड्यात दुरुस्तीला न्या.