तीन पायांचा हत्ती

"ससा म्हणे! वांग्याले कान लावले त त्याले ससा म्हणाव का?"

बिजलीबाई हे पुटपुटली तेव्हा माझी टेप तिच्या दंडाभोवती होती. त्यामुळे मला ऐकू आलं नाही, असं म्हणायची सोय नव्हती. बोलणं माझ्याशी नव्हतं, पडद्यापलीकडे बसलेल्या तिच्या जावेशी होतं. "महिनाभर धाडली पोट्टीले. काय शिकली त सुईत दोरा ओवाले. थे त घरी तिची आजीबी शिकवते. पुढच्या महिन्यापासून नाही धाडत मी."

"हात सैल सोडा," मी म्हणाले. "नाहीतर बाही काचेल."

तिने हात सोडला. तक्रार काही सोडली नाही.

ज्याबद्दल ती बोलत होती, ते माझ्याच घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी भरायचं. दारावर पाटी होती, 'चिंधीघर'. दिग्रसमध्ये दोन दिवस लोक ती पाटी वाचून हसले. पैसे भरून चिंध्या शिवायच्या म्हणजे काय, हे बाजारातल्या कोणालाच उमगेना. चिंध्या माझ्या शिलाईच्या, कापूस जिनिंगच्या कारखान्यातला, माझे यजमान रामराव तिथे वजनकाट्यावर आहेत म्हणून मिळायचा. आणि डोकं नसरीनचं.

नसरीन शेजारच्या अन्सारभाईंची मुलगी. बसस्टँडजवळ त्यांचं मोटरसायकलचं गॅरेज आहे. लहानपणी ती माझ्या मशीनखाली बसून चिंध्या वेचायची आणि त्यांची माणसं करायची. पुढे इंजिनीयर झाली, पुण्याच्या मोठ्या कंपनीत आठ वर्षं राहिली आणि गेल्या दिवाळीत दोन बॅगा घेऊन परत आली. मी विचारलं, "काहून सोडली गं एवढी नोकरी?" तर म्हणाली, "मावशी, आठ वर्षं मी काय केलं थे तुमच्या हातात ठेवून दाखवता येत नाही. मले हातात धरता येईल असं काहीतरी करायचं आहे. पोट्ट्यांसोबत."

तिचं म्हणणं होतं, मुलांनी स्वतःच्या मनाने करावं. नमुना समोर ठेवायचा नाही, चुकलं म्हणायचं नाही, आणि त्यांच्या कामाला मोठ्या माणसाने हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम तिने कागदावर लिहून भिंतीला चिकटवला होता.

अन्सारभाई मात्र गिऱ्हाईकांना सांगायचे, "छुट्टीवर आली आहे." पोळा जवळ आला तरी छुट्टी चालूच होती. कोणी उलटून विचारत नव्हतं. बाप सांगतो तर छुट्टीच असेल, असं आपल्याकडे धरून चालतात. नोकरी सोडल्याचं माहीत असूनही मीही तसंच धरून चालले.

अकरा मुलांनी सुरुवात झाली होती. मग नऊ, मग सात. बिजलीबाई गेली तेव्हा मी बोटांवर मोजलं. तिची खुशी गेली की सहा.

मुलांचं अर्धवट काम पुढच्या रविवारपर्यंत खोलीतल्या फळीवर राहायचं. त्या दुपारी नसरीन शाळांमध्ये असेच वर्ग घ्यायच्या परवानगीसाठी हिंडायला गेली होती. मी फळीपुढे उभी राहिले. खुशीचा ससा खरंच वांग्यासारखा होता. एक कान कपाळावर, दुसरा मानेवर. टाके असे की एकात बोट जाईल. एवढंच करावं म्हटलं, कान तेवढे जागेवर आणावेत. कान आणले तर मान वाकडी दिसू लागली. मान सरळ केली तर पोट ढिलं वाटलं. तासाभरात ससा असा झाला की बाजारात ठेवावा.

भिंतीवरचा नियम मी वाचला नव्हता असं नाही. पण वाकडी शिलाई दिसली की माझे हात माझं ऐकत नाहीत.

रविवारी बिजलीबाई सशाला हातात फिरवत म्हणाली, "वा! आता कशी शिकली पोट्टी." खुशी सशाकडे पाहत राहिली. मुलांना वाटतं, मोठी माणसं खूश आहेत म्हणजे बरोबरच असेल.

मग मी दर आठवड्याला हात लावू लागले. मोराला पिसारा, बाहुलीला मान, माकडाला दोन्ही डोळे एका रेषेत. आयांनी मोबाइलवर फोटो लावले. सातांची नऊ झाली, नऊची चौदा. एका दुपारी रामराव जेवायला आले, मी दोरा दाताने तोडत होते. म्हणाले, "या वर्षी चांगले शिकून राह्यले पोट्टे. अशीच मेहनत केली त पुढच्या वर्षी तुले शिवण येईन."

"जेवा गपचूप," मी म्हणाले.

नसरीनला कळलं की नाही, हे मला कळत नव्हतं. एकदा ती मोर उलटा करून बराच वेळ टाके पाहत होती. मग म्हणाली, "पोट्ट्यांचा हात बसून राह्यला, मावशी." म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी फळीवर बारीक सुयांचं नवं पाकीट ठेवलेलं होतं. मुलांना तर ती जाड सुया द्यायची. मी विचारलं नाही. पाकीट उघडलं.

मग तिने प्रदर्शन ठरवलं. टेबलावर चादर अंथरून सगळं मांडलं. कशावरही नाव लिहायचं नाही म्हणाली. मूल स्वतः येईल, आपलं काम उचलेल आणि त्याची गोष्ट सांगेल. अन्सारभाईंनी आयांसाठी समोसे आणले आणि दारात खुर्ची टाकून बसले. "उचला रे आपापलं," नसरीन हसत म्हणाली.

कोणी उचलेना.

चौदा मुलं टेबलाभोवती फिरत होती. एक हात मोराकडे जायचा, मागे यायचा. बेकरीवाल्या मुजफ्फरची जिया, सात वर्षांची, टेबलाखाली वाकून पाहू लागली.

"काय शोधून राह्यली, बेटा?" नसरीनने विचारलं.

"माझा हत्ती. त्याले तीन पाय होते."

टेबलावर हत्ती एकच होता. चार पायांचा. चौथा पाय मी मंगळवारी लावला होता.

"हाच असन गं," तिची आई घाईघाईने म्हणाली.

"हा नाही. माझ्यावाल्याचा एक पाय नदीत राह्यला होता. थो काढाले चालला होता थो."

तिथे बसलेल्या प्रत्येक बाईच्या पाठीवर माझी शिलाई होती. वीस वर्षं माझा टाका अंगावर घालणाऱ्या बायका, त्यांना काय ओळखू आलं नसेल? एकजण समोसा पाहत होती, एकजण पंखा. बिजलीबाई माझ्या कानाशी आली आणि तिच्या मते अगदी हळू म्हणाली, "कोकिळाबाई, जावेच्या पोट्ट्याचा वाढदिवस आहे. असेच दोन ससे शिवून द्या नं. क्लास-बिस कायले, तुम्हीच द्या."

नसरीन कात्री घेऊन खाली बसली. तिने हत्ती मांडीवर घेतला, कात्रीच्या टोकाने चौथ्या पायाचा टाका न् टाका उसवला, भोक चिमटीत मिटवलं आणि तीन पायांचा हत्ती जियापुढे धरला.

जियाने तो नीट पाहिला. पोटाखालून पाहिला, सोंडेकडून पाहिला. मग परत दिला.

"हाबी नाही."

मी शिवण कोणाकडे शिकले नाही. माझ्या पहिल्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या. सासूबाई तो तसाच घालून हळदीकुंकवाला गेल्या. हे नसरीनला माहीत आहे, लहानपणी तिला ही गोष्ट फार आवडायची. हत्ती परत आला तेव्हा ती मला काही म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसती कापसाचे पुंजके वेचत होती.

बायका मुलांना घेऊन निघाल्या. जाताना प्रत्येकीने टेबलावरून काहीतरी उचललं, आपल्याच मुलाचं असेल तसं नाही. हत्ती तेवढा राहिला.

"नसरीन," मी म्हणाले, "माझंच चुकलं गं. मी..."

"मले पहिल्याच रविवारी समजलं होतं, मावशी. सशाच्या कानाले तुमचा टाका होता." ती हत्तीच्या पोटात कापूस कोंबत होती. "पोट्टे वाढून राह्यले होते. म्हणून नाही बोलली. सुया कोणी आणल्या मग?"

मी चादरीची घडी घातली. ती वाकडी आली, पुन्हा घातली.

मागे राहिलेली बिजलीबाई चप्पल शोधत होती. दारातल्या अन्सारभाईंना सहज म्हणाली, "मोठी हुशार पोरगी आहे हो तुमची. पुण्याले कधी चालली परत?"

"जाईन नं," अन्सारभाई उठत म्हणाले. "छुट्टी संपली की..."

"अब्बा," नसरीन म्हणाली. आवाज चढवला नाही, मान वर केली नाही. "छुट्टी नव्हती कधी. मी नोकरी सोडली. आन् हेबी नाही चाललं माझ्यानं."