वाटामूच्या ओहोटीत पाहिलेलं

“कुठून काढलीस ही? ठेव गं जागेवर. खेळायला दुसरं काही मिळालं नाही का?” रेखाआजी पुटपुटल्या. मी त्यांच्या नाकासमोरच होते, नात निहारिकाच्या गळ्यात.

मित्रांनो, खेळणं म्हटल्याचा मला राग नाही. मी एक जुनी दुर्बीण आहे. रबर सुटलंय, पट्टा विटलाय, आणि मुक्काम मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरात, चादरींच्या कपाटात.

मला घेतलं यतिनने, आजींच्या मुलाने. तो इंजिनिअर. कामासाठी केनियात होता, तेव्हा सुट्टीत त्याने आईला, बायको सुमेधाला आणि तान्ह्या निहारिकाला वाटामू गावी समुद्रावर बोलावलं. काय काय पाहिलं मी तिथे! मिडाच्या खाडीत खारफुटीच्या मुळांतून पळणारे खेकडे आणि त्यांच्यावर टपलेले पांढरे पक्षी. अराबुकोच्या जंगलात मुठीएवढं घुबड, सुकल्या पानाच्या रंगाचं. ते शोधताना सगळ्यांच्या माना अवघडल्या. माराफाची घळ तर संध्याकाळी अशी लाल झाली, की सुमेधा म्हणाली, कुणीतरी निखारा फुंकतंय. यतिन मला हातोहात फिरवायचा आणि स्वतःच घडवल्यासारखं माझं कौतुक करायचा.

तिथे ओहोटीला समुद्र इतका मागे जातो, की माणूस प्रवाळापर्यंत चालत जाऊ शकतो. शेवटच्या दिवशी यतिनने मला आईच्या हातात दिलं आणि तो निघाला. तिथल्या एका नावाड्याने बजावलं होतं, पाणी वळलं की लगेच फिरा. तो अजून थोडं, अजून थोडं करत गेला. आजी माझ्यातून बघत होत्या. पाणी वळलं. त्या बघतच राहिल्या.

तो सापडला नाही. म्हणून फोटोला हार नाही, दिवस घातले नाहीत. सर्वपित्रीला बाकीच्या पितरांचं पान बाहेर कावळ्याला जातं. यतिनचं टेबलावर वाढतात, ऑफिसातून येणार असल्यासारखं. मग सुमेधा ते गुपचूप झाकून फ्रीजमध्ये ठेवते. निहारिका लहान असताना सांगितलं होतं, बाबा केनियात आहे. पुढे तिने विचारणं सोडलं, आणि ह्या दोघींना बरंच झालं.

अंधारात राहिलं की आमच्या काचेत बुरशी धरते, मित्रांनो. माझ्या काचेत एक डाग पडलाय, उभा, बारीक. कुठेही बघा, लांब कुणीतरी उभं आहे असं वाटतं. घरातलं जे कुणी बघतं ते मला लगेच खाली ठेवतं. म्हणून सांगते, जुन्या वस्तूंना अधूनमधून उजेड दाखवत जा. कपाटात टाकलेलं काही आहे तसं राहत नाही.

आज सर्वपित्री. निहारिकाच्या शाळेचा कॅम्प समुद्रावर जायचाय, आणि घरातून उत्तर एकच, नाही. कारणं मात्र रोज नवी: थंडी, अभ्यास, सर्दी. तिने मला डोळ्यांना लावलं, खिडकीतून बाहेर पाहिलं. खाली ठेवलं नाही.

“आय जस्ट वॉन्ट टू नो व्हाय, आजी.” मग हळूच म्हणाली, “कुणीच का सांगत नाही?”

सुमेधाचं लाटणं थांबलं. आजींनी टेबलावरचं पान उचललं, मागचं दार सरकवलं आणि ते कुंपणापाशी ठेवलं. शेजाऱ्यांच्या छपरावर एक कावळा होता.

“तुझा बाबा गेला, बाळा,” त्या म्हणाल्या. “बुडाला. मी बघत होते.”