आस्लाकच्या घरचा दुग्नाद

गावच्या सभागृहावर त्रिग्वेनं कागद डकवला होता : ‘शनिवारी दुग्नाद. कुंपण रंगवणे. हजेरी सक्तीची.’

तो वाचून गुडवेगचं डोकंच फिरलं. चाळीस वर्षं या खोऱ्यातले जुने शब्द चिठ्ठ्यांवर उतरवून तिनं कोशासाठी विद्यापीठाला पाठवले होते. दुग्नाद म्हणजे मदत, आधार. पणजोबांच्याही आधीपासूनचा शब्द. एकट्याला न झेपणारं काम सगळ्यांनी आपणहून येऊन उरकायचं. त्याला म्हणे हजेरी!

शनिवारी ती हात हलवत गेली. वीसेक माणसं कुंपणाला लाल रंग फासत होती.

“अरे त्रिग्वे, या कुंपणाला काय धाड भरलीय? तिकडे आस्लाकचं छप्पर गळतंय. खुबा मोडून पडलाय बिचारा, उशाशी बादली! चार दिवसांत बर्फ पडेल. छप्पर अंगावर आलं त्याच्या, म्हणजे तुमचे डोळे उघडणार का?”

“मावशी, माझ्यावर कशाला तापतेस? त्यानं निरोप धाडला असता, तर गेलो नसतो का? न बोलावता कुणाच्या छपरावर चढायचं?”

बाकीचे खाली माना घालून रंगवत राहिले. गुडवेग तणतणत समोरच्याच आस्लाकच्या घरात शिरली.

“तोंड शिवलंय का तुझं? निरोप का नाही धाडलास?”

आस्लाक खिडकीबाहेर बघत राहिला. “दुग्नाद बोलवायचा तर घरानं जेवू घालायचं. माझी रागन्हिल्ड जिवंत होती तोवर सायीच्या लापशीचं भलं पातेलं चढायचं. मला चुलीपाशी उभंही राहवत नाही. लोकांना उपाशी राबवू?”

गुडवेगला स्वतःचाच संताप आला. ‘जेवण घरधन्याचं’ हे तिनंच दुग्नादच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं. महिनाभर रोज या दारावरून जात होती, आणि एवढं सुचू नये? आग लागो त्या चिठ्ठ्यांना!

घरची सगळी साय आणून तिनं त्याच्याच चुलीवर पातेलं चढवलं. मग दारात जाऊन ओरडली, “आस्लाकचा निरोप आहे! लापशी शिजतेय!”

ब्रश तिथेच पडले. त्रिग्वे स्वतः शिडी घेऊन आला.

“मावशी, हजेरीचं काय करू?”

“चुलीत घाल!”

दुपारी पातेलं आस्लाकच्या पलंगाशी आलं. डाव त्यानं कुणाला धरू दिला नाही. बसल्या बसल्या प्रत्येकाला स्वतः वाढलं. त्रिग्वेनं दुसऱ्यांदा ताटली पुढे केली, तेव्हा म्हातारा खेकसला, “आधी छपराचा तो कोपरा पुरा कर. रात्रीचं पाणी अजून ठिबकतंय.”